आम्ही दाखवलेलं रान

आमचं गाव निर्मळहून सायकलीनं थोडं पुढे. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांतले काही अजून हयात आहेत, काहींची मुलं बाजारात भेटतात, आणि या वयात मला कुणाशी भांडण काढायचं नाही. भांडायचं वय होतं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

खरं म्हणजे ते गावही आमचं नव्हे. आप्पा माणदेशातले, हायस्कुलात भूगोल शिकवायला इकडे आले आणि इनासकाकांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. मी तिथंच जन्मले. घराच्या तिन्ही बाजूंनी केळी. वाऱ्यावर केळीची पानं फाटत राहतात त्याचा एक आवाज असतो, कुणीतरी नव्या लुगड्याची घडी मोडत असल्यासारखा. तो आवाज आणि विहिरीवरच्या डिझेल पंपाची डुगडुग यांवर माझं सगळं बालपण चाललं. तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली की इनासकाका असतील तिथं उभे राहायचे, टोपी काढायचे, आणि आग्नेसमावशी स्वयंपाकघरातून प्रार्थना म्हणायची. त्याच वेळी इकडे आई देवाजवळ दिवा लावायची. मध्ये एक कुडाची भिंत. लहानपणी मला वाटायचं, दोन्ही घरं मिळून एकच प्रार्थना आहे आणि आपल्याला तिचा अर्धा भाग पाठ आहे.

रविवारी सकाळी चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर मावशी झाकलेल्या भांड्यातून तळलेले फुगे पाठवायची. गरम, आतून पोकळ, किंचित गोडसर. आई त्या भांड्यातून बाजरीच्या भाकरी आणि लसणीची चटणी उलट पाठवायची, कारण रिकामं भांडं परत करायचं नाही असा तिचा हट्ट. माणदेशात मासा न पाहिलेली माझी आई मावशीकडून बोंबील साफ करायला शिकली, मग चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण शिकली, आणि पुढे पुढे तर इनासकाका मुद्दाम म्हणायचे, "वहिनी, आज कालवन तुमच्याकडं. आमच्या बायकोचं खाऊन कंटाळा आला." मावशी हसत त्यांच्या पाठीत धपाटा घालायची. मला हे सगळं लिहिणं भाग आहे. नाहीतर पुढे जे झालं ते कुणाला समजायचं नाही. परकी माणसं परक्यांशी वागली एवढंच वाटेल.

केळीच्या वाड्या संपल्या की भातशेती, भातशेती संपली की गवताचं रान. हे रान म्हणजे एक लांबरुंद सपाट माळ. दिवाळीनंतर तिथलं गवत कापून गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. रानाच्या पश्चिमेला जमीन उतरत जाऊन खाजण लागायचं: भरतीचं खारं पाणी येतं-जातं अशी दलदल, मधून बांध, पलीकडे मिठागरं आणि मग खाडी. आप्पा पहिल्यांदा रानात गेले तेव्हा म्हणे तासभर नुसते उभे राहिले. परत येऊन आईला म्हणाले, "अगं, आपलं गावच आहे हे. फक्त इथं पाऊस पडतो." केळींच्या सावलीत त्यांचा जीव कोंडायचा. उघडं रान पाहिलं की ते माणसात यायचे. पक्ष्यांचा नाद तिथूनच लागला. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेल्या दुर्बिणीनं, जिच्या एका भिंगावर बुरशी होती. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्यामागून हिंडायची. चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि दगडासारखा खाली येतो, टिटवी आपल्याला पिलांपासून लांब नेण्यासाठी खोटं लंगडते, शेकाट्याचे पाय उडताना शेपटीमागे लाल दोऱ्यांसारखे लोंबतात. हे मला अक्षरओळख झाल्यासारखं झालं. आई वैतागायची. "मुलीला उन्हात काळी करून आणता, आणि वर पाखरांची नावं शिकवता. ती नावं सासरी उपयोगी पडणार आहेत का?"

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा कंपनीची गोष्ट आली. मुंबईची एक बांधकाम कंपनी, तिला गवताचं सगळं रान हवं होतं. रानावर मोठी वसाहत उभी राहणार, त्यासाठी खाजण बुजवणार, आणि बुजवायला लागणारा मुरूम महामार्गापलीकडे डोंगराच्या पायथ्याला जो बरड आहे तो खणून आणणार. गावच्या चावडीवर नोटीस लागली. हरकती असतील त्यांनी कळवाव्यात, अमुक दिवशी सरकारी कचेरीत सभा होईल. गावातले बरेच जण हरकतीच्या बाजूचे होते, काही गप्प होते, आणि गप्प असणाऱ्यांच्या जमिनी रानाला लागून होत्या. हरकतवाल्यांचे पुढारी इनासकाका. एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"मास्तर, पान्याचं आमी बोलू," ते म्हणाले. "खाजन बुजलं तर पावसाळ्यात पानी जानार कुठं, हे त्या सायबाला आमी विचारू. पन वकील म्हनतो पक्ष्यांचं पन काही घालता येतं. ते तुमी बघा. गावात दुसऱ्या कुनाला कळतंय त्यातलं?"

आप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. इतकी वर्षं गावात राहून गावानं त्यांना पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

मग महिन्याभरानं सबनीस सर आले. मुंबईत मोठ्या संस्थेत प्राध्यापक, पक्ष्यांवर नाव घ्यावं असे विद्वान. आप्पांनी त्यांचे लेख कापून ठेवले होते. कंपनीनं त्यांना पक्ष्यांची पाहणी करायला नेमलं होतं आणि ही गोष्ट त्यांनी मुळीच लपवली नाही. ओट्यावर बूट काढता काढताच सांगितलं. "मास्तर, मला नेमलंय त्यांनी. पण लिहिणार मी. जे दिसेल ते लिहीन. म्हणून तर तुमच्याकडे आलो. इथं काय कुठं आहे ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही असं ऐकलं." आप्पांनी लगबगीनं आत येऊन आईला सांगितलं. आई चूल फुंकत म्हणाली, "फार गोड बोलतात." तिला तेवढंच म्हणायचं होतं. मग तिनं डब्यातली सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, काढून बशीत मांडली.

शनिवारी आम्ही गवतात गेलो. आप्पा, सर आणि मी. सरांनी मला त्यांची दुर्बीण दिली. काळी, जड, परदेशी. त्या दुर्बिणीतून पहिला पक्षी पाहिला तो साधा गप्पीदास, गवताच्या काडीवर बसलेला, पण त्याच्या छातीवरचं एकेक पीस सुटं दिसत होतं आणि मला एकदम रडू आलं. बुरशी लागलेल्या भिंगातून इतकी वर्षं मी काय पाहत होते असं झालं. सर हसले नाहीत. म्हणाले, "मलाही असंच झालं होतं." माणूस वाईट असता तर सोपं होतं. तो वाईट नव्हता. त्याला एखाद्या तीरचिमणीच्या नुसत्या चिवचिवाटावरून ती कुठली ते कळायचं, आणि आपल्याला कळलं याचा त्याला लहान मुलासारखा आनंद व्हायचा. आप्पांनी जे जे चुकीचं ओळखलं होतं ते त्यानं इतक्या हळुवारपणे दुरुस्त केलं, की आप्पांना चूक झाल्याचा आनंद वाटला.

उन्हं कलल्यावर आप्पा आम्हांला रानाच्या पार टोकाला घेऊन गेले. तिथलं गवत जाडं, गुरं खात नाहीत म्हणून न कापलेलं, माझ्या छातीएवढं. "इथं बसा. हलू नका," आप्पा म्हणाले. सूर्य खाडीवर टेकला तसा पहिला भोवत्या आला. भोवत्या म्हणजे घारीच्या जातीचाच, पण अंगानं सडपातळ, लांब पंखांचा. गवताच्या शेंड्यांना जवळजवळ पोट घासत तरंगत जातो. राखी रंगाचा नर होता, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी. त्याच्यामागून तपकिरी मादी. मग आणखी दोन. मग उत्तरेकडून, पूर्वेकडून, मिठागरांवरून, सगळीकडून ते येऊ लागले, आवाज न करता, गवतावर घिरट्या घालत एकेक जण आत उतरत राहिला, आणि उतरला की गवत मिटून जायचं. अंधार पडेपर्यंत येत होते. मोजायचं कुणाला सुचलं नाही. मग सर डोळे पुसत बोलले.

"हे मध्य आशियातून येतात मास्तर. तिथल्या गवताळ मैदानांत यांची घरटी. आणि हिवाळ्यात रोज रात्री झोपायला इथं, या तुकड्यात. या किनाऱ्यावर असं मी कुठंही पाहिलेलं नाही. कुठंही नाही."

आप्पा घरी येताना सायकल हातात धरून चालत होते आणि गुणगुणत होते. त्यांना गुणगुणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

रविवारी खाजणात. ओहोटीची वेळ धरून भल्या सकाळी निघालो, चिखल गुडघ्यापर्यंत, चप्पल हातात. तुतवार आणि चिखल्या असे छोटे पक्षी चिखलावर पळत होते, इतके की चिखलच सरकतो आहे असं वाटावं. बांधावर चित्रबलाक उभे होते, पिवळ्या चोचींचे, गंभीर. सरांचा एक बूट चिखलात गेला तो गेलाच. त्यांनी दुसराही काढून बांधावर ठेवून दिला आणि दिवसभर अनवाणी हिंडले. दुपारी घरी जेवायला इनासकाका आणि आग्नेसमावशीही होत्या. आईनं निवट्यांचं कालवण केलं होतं, मावशीनं फुगे आणले होते. सरांनी बोटं चाटून खाल्लं. इनासकाकांनी त्यांना सरळच विचारलं, "साहेब, आमचं खाजन वाचंल ना?"

"मी जे पाहिलं ते पाहिल्यावर," सर म्हणाले, "कुणी हे बुजवा म्हणेल असं मला वाटत नाही."

काकांनी त्यांच्या ताटात आणखी कालवण वाढायला लावलं.

सोमवारी दुधाच्या टेम्पोतून महामार्गापलीकडे बरडावर गेलो. तो भाग मी तोवर फारसा पाहिला नव्हता. डोंगराच्या पायथ्याची तांबडी मुरमाड जमीन, पावसानं कापून कापून तिच्या घळी झालेल्या, काही दोन पुरुष खोल. झाड नाही, सावली नाही. कुणाला ती जमीन नकोच होती. वरून पाहिलं तर भाजून तडकलेल्या मडक्यासारखी. पण घळींच्या भिंतींत वेड्या राघूंची बिळं होती, आणि एका घळीच्या कपारीत शृंगी घुबड बसलं होतं, कानांवर शिंगं, नारिंगी डोळे, पायाशी कापसाच्या गोळ्यांसारखी दोन पिल्लं. आम्ही समोरच्या कडेला पालथे पडून पाहत राहिलो. मुरूम पोटाला टोचत होता. घुबडानं एकदाच आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही महत्त्वाचे नाही असं ठरवून डोळे मिटले.

तिथंच, पालथं पडल्या पडल्या, सर आप्पांना म्हणाले, "मास्तर, हिला प्राणिशास्त्र घेऊ द्या. पदवी झाली की माझ्याकडे पाठवा. हिची नजर चांगली आहे. मी शिकवीन हिला." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुरमात बोटानं रेघा काढत होते. माझं आयुष्य असं समोर, हाताच्या अंतरावर पडलेलं मला त्याआधी कधी दिसलं नव्हतं आणि त्यानंतरही दिसलं नाही.

सभा उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. सरकारी कचेरीच्या वरच्या मजल्यावरचं दालन, पंख्यांचा खडखडाट, गावातली शंभरेक माणसं दाटीवाटीनं बसलेली. इनासकाका पाण्याचं बोलले आणि चांगले बोलले. सभा चालवणाऱ्या साहेबानं मान डोलावली. मग कंपनीच्या बाजूनं सबनीस सर उठले. पांढरा शर्ट, तोच शांत आवाज. आप्पा माझा हात धरून पुढे सरकले, नीट ऐकू यावं म्हणून.

सर म्हणाले, सदर क्षेत्राची आपण प्रत्यक्ष पाहणी केली आहे. गवताळ भाग हा पडीक स्वरूपाचा आहे. तेथे घारी व तत्सम सर्वसामान्य पक्षी आढळले. खाजणातले पाणपक्षी किनाऱ्यावर अन्यत्रही विपुल आहेत, ते सहज दुसरीकडे स्थलांतरित होतील. डोंगरपायथ्याचा बरड उजाड असून तेथे उल्लेखनीय असं काही नाही. आणि मग कागद घडी करता करता, आठवण झाल्यासारखं, म्हणाले, "या पाहणीत स्थानिक शिक्षक श्री. जगताप यांनी स्वतः सोबत हिंडून मला सगळा भाग दाखवला, आपल्या घरी माझी व्यवस्था ठेवली. त्यांच्या सहकार्याशिवाय हे काम झालं नसतं. मी त्यांचा आभारी आहे."

सगळी तोंडं आमच्याकडे वळली. मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, सरांनी आप्पांचं नाव घेतलं म्हणून लोक पाहत आहेत.

आप्पा उठून उभे राहिले. "साहेब, हे खरं नाही," ते म्हणाले. मग सरांकडे वळून, "सर, तुम्ही स्वतः बघितलंत. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. ते भोवत्ये... अहो, ते मध्य आशियातून..."

"आपण कोण?" साहेबानं विचारलं.

"जगताप. शिक्षक आहे."

"म्हणजे ज्यांनी यांना दाखवलं, ते तुम्हीच?"

"हो. मीच. म्हणून तर सांगतोय..."

मागून कुणीतरी हसलं. "भोवत्ये म्हणजे काय?" साहेबानं शेजारच्या कारकुनाला विचारलं आणि कारकुनानं खांदे उडवले. आप्पा पक्ष्यांची नावं घेऊ लागले. वर्गात नद्यांची नावं सांगायचे तसं, एकामागून एक, क्रम न चुकता. हशा वाढला. मला वाटलं, आता गावातलं कुणीतरी उठेल. आमच्या ओट्यावर बसून पक्ष्यांचं तुम्ही बघा म्हणणारं कुणीतरी. आणि इनासकाका खरंच उठले. रागानं त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बसा खाली मास्तर," ते ओरडले. "शोभा झाली तेवढी पुरे. घरी बोलावून जेवायला घातलं ते आमी बघितलंय."

ते स्वतः त्याच पंगतीला होते, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण आप्पा खाली बसले होते आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मला बोलता आलं नाही.

सभा संपल्यावर जिन्यात सर भेटले. आप्पा पुढे गेले होते. सर माझ्याजवळ थांबले, कपाळावरचा घाम रुमालानं टिपला आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शालू, विषय मात्र प्राणिशास्त्रच घे हं. आणि पदवी झाली की ये." त्यांना खरंच वाटत होतं मी यावं. ते जिना उतरून गेले, खाली त्यांच्यासाठी गाडी उभी होती.

मी गेले नाही. आप्पांनी जा म्हणून सांगितलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. "त्याच्या तोंडी काय आलं ते सोड. त्याच्याजवळ जे आहे ते घे की." मला ते जमलं नाही. मी बी.एड. केलं, विरारच्या एका शाळेत सगळी नोकरी केली, बेडकाची पचनसंस्था फळ्यावर काढून काढून माझा उजवा खांदा कायमचा दुखतो. सबनीस सरांच्या हाताखाली पुढे चांगले चांगले विद्यार्थी तयार झाले. त्यांचे सत्कार झाले. हल्ली माझ्या चुलतभावाच्या मुलानं मोबाइलवर त्यांचं एक भाषण लावून दाखवलं. पार थकले आहेत, पण आवाज तोच, आणि विषय काय तर पाणथळ जागा कशा वाचवाव्यात. भाचा म्हणाला, "आत्या, किती छान बोलतात ना?" छानच बोलत होते. मी शेवटपर्यंत ऐकलं.

गावानं आम्हांला वाळीत वगैरे टाकलं नाही. तसं काही उघड झालं असतं तर निदान तक्रार करता आली असती. फक्त पोरं शाळेच्या भिंतीवर कोळशानं 'कंपनीमास्तर' लिहू लागली आणि ते पुसायला शिपाई जागचा हलायचा नाही. आप्पा स्वतः ओलं फडकं घेऊन पुसायचे. दुकानात आईला सगळ्यात शेवटी माल मिळायचा. इनासकाका अंगणात समोरासमोर आले की वर झाडाकडे पाहायचे. रविवारचं भांडं बंद झालं. एकदा दुपारी आग्नेसमावशी मागच्या दारानं आली, पदराखाली फुगे घेऊन. "घरात बोलायची सोय नाही गं," ती आईला म्हणाली. "मला म्हाईत हाय मास्तर तसे नाहीत." आई दारात उभी राहिली, तिला आत ये म्हणाली नाही. "माहीत आहे तर पुढच्या दारानं या, वहिनी," ती म्हणाली. "मागच्या दारानं आलेलं मी लेकराला नाही घालायची." मावशी रडत रडत परत गेली. आई त्यानंतर चुलीपुढे बसली आणि भाकरी थापताना तिचे हात इतके जोरात पडत होते की भाकरी मोडत होत्या.

आप्पा रानात जायचे बंद झाले. गेले तर लोक म्हणत, कंपनीला आणखी काय दाखवायला निघाले. वर्षभरात आम्ही खोल्या सोडल्या आणि विरारजवळ बोळिंजला राहायला आलो. तोवर पहिले डंपर सुरू झाले होते. बरडावरचा तांबडा मुरूम भरून ते आमच्या बोळिंजच्या खिडकीखालून खाजणाकडे जायचे, दिवसभर, आणि त्यांची तांबडी धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. आप्पा खिडकी लावून घ्यायचे. आईनं एकदाच म्हटलं, "अहो, गरम होतंय."

पुढचं सगळ्यांना ठाऊक असलेलंच आहे. गप्प बसणाऱ्यांनी आधी विकलं, मग ओरडणाऱ्यांनी विकलं. आता त्या रानावर पंधरा-पंधरा मजल्यांच्या इमारती आहेत, कमानीवर कुठल्याशा परदेशी फुलाचं नाव आहे, आणि दर पावसाळ्यात तिथल्या तळमजल्यांत कमरेएवढं पाणी भरतं. टीव्हीवर दाखवतात. इनासकाकांचं पाण्याचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. त्यांनी स्वतः वाडी विकली ती जरा उशिरा आणि चांगल्या भावानं, आणि मुलासाठी म्हणून फ्लॅट घेतला तो नेमका आमच्याच इमारतीत, दोन मजले वर. आग्नेसमावशी त्या फ्लॅटमध्ये वर्षभरही राहिली नाही; वारली. काका आणि आप्पा मग कितीतरी वर्षं रोज लिफ्टमध्ये भेटत राहिले. "काय मास्तर, जेवलात?" "जेवलो." लिफ्टचं दार उघडायचं. एवढंच. मी आप्पांना कधी कधी म्हणायची, विचारा एकदा त्यांना. आप्पा म्हणायचे, "काय विचारू? म्हातारा झालाय तो. मीही झालोय."

आप्पा गेले ते झोपेतच. आई त्यांच्या आधी गेली होती. दहाव्याच्या आत लोक भेटायला येत होते, बहुतेक शाळेतले, इमारतीतले. इनासकाका दुपारी एकटेच आले, काठी टेकत, मुलानं दारापर्यंत आणून सोडलं. नव्वदीला टेकलेले. आप्पांच्या फोटोसमोर त्यांनी टोपी काढली, क्रूस केला आणि खुर्चीत बसून राहिले. मी पाणी दिलं. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते, मला वाटलं प्रार्थना करत आहेत.

मग म्हणाले, "चांगला मानूस. फार चांगला. एकच वाटतं पोरी. त्या सभेत मास्तरांनी आनखी थोडं बोलायला पायजे होतं. त्यांना सगळं म्हाईत होतं. गप्प बसले. तेवढं त्यांनी करायला नको होतं."

मी त्यांच्यासमोरच्या पलंगावर बसले. इतक्या वर्षांत हे बोलायचं मी कितीदा ठरवलं होतं, मनात किती प्रकारांनी म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात आवाज चढलाच नाही. मी म्हटलं, "काका, ते बोलत होते. तुम्ही त्यांना खाली बसा म्हणालात."

"मी?"

"तुम्ही. सगळ्यांसमोर. घरी बोलावून जेवायला घातलं म्हणालात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे ते निळसर डोळे. मी त्यांत शोधत होते, राग, लाज, काहीतरी लपवण्याची धडपड, काहीही चाललं असतं. ते मनापासून आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"मी कशाला म्हनेन?" शेवटी ते म्हणाले. "मास्तरांना? मी तर त्यांना भावासारखा मानायचा."

ते खोटं बोलत नव्हते. आप्पा त्या एका वाक्याखाली बत्तीस वर्षं जगले, गुणगुणायचे थांबले, खिडक्या लावून बसले, आणि ज्यानं ते वाक्य उच्चारलं त्याच्याजवळ त्याचा मागमूसही उरला नव्हता. मला वाटलं होतं, निदान त्याच्याजवळ तरी असेल. कुठंतरी रात्री अपरात्री त्यालाही बोचत असेल, आणि दोन मजल्यांच्या अंतरावर दोघं एकच गोष्ट उराशी धरून आहेत असं मी इतकी वर्षं समजत आले होते. ती फक्त आमच्याच घरात होती.

काकांनी पाणी संपवलं, पेला माझ्या हातात दिला आणि उठायला हात पुढे केला. मी त्यांना धरून उभं केलं, दारापर्यंत नेलं, लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट यायला वेळ लागत होता. आम्ही दोघं तिथं उभे राहिलो.